व्ही. आर. 1907

गेल्या पावसाळ्यात मी एक पाइप 1 लाख 25 हजारांना घेतला. घेताना तो पाइप आहे हे माहीत नव्हतं एवढंच. आठ महिने चारचौघांत बोललो नाही. आता लिहितोय, कारण मागच्या महिन्यात वेंगुर्ल्याकडच्या एका ओळखीच्या माणसाने मला मोबाइलवर एक फोटो दाखवला, "सर, तुम्हाला यातलं कळतं, बघा जरा" म्हणून. मला जुनी विलायती म्हणून खपवलेली बंदूक ज्या चटईत आली होती, चटई तीच होती, बंदूकही तसलीच.

मी मालवणजवळ राहतो. हायस्कुलात 27 वर्षं इतिहास शिकवला, त्यातली 14 वर्षं शाळेची एनसीसी सांभाळली. छंद तिथलाच. ड्रिलसाठी आमच्याकडे .303 रायफली असायच्या, डीपी शिक्क्याच्या, म्हणजे गोळी झाडायला निकामी करून फक्त कवायतीला ठेवलेल्या. नळीत पुल-थ्रूची दोरी ओढून चिंदीने त्या साफ करताना जो वास यायचा, तो अजून नाकात आहे. निवृत्त झाल्यावर मी त्या काळातलं किरकोळ सामान जमवायला लागलो. कॅनव्हासचा पट्टा, लाकडी दारूगोळ्याची रिकामी पेटी, चामड्याची स्लिंग. रायफलीच्या दस्त्यात बसते ती पितळेची तेलाची बाटली मला मालवणातल्या भंगारवाल्याकडे 150 रुपयांत मिळाली, तेव्हा मी घरी पेढे आणले होते. बायको म्हणाली, बाटलीचं बारसं करताय का.

अख्खी रायफल मात्र स्वप्नातच. आपल्याकडे लष्कराची, पोलिसांची जुनी रायफल सामान्य माणसाला विकत मिळत नाही, आणि .303 तर प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापात, मोडते. बाहेरच्या देशांतले लोक मात्र असली सैनिकी हत्यारं दुकानातून आणतात. 2003 साली नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातून हजारो बंदुका अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी नेल्या, त्यांत मार्टिनी-हेन्री होत्या. खाली लिव्हर असलेली, एकेक गोळी भरायची, 1871 साली ब्रिटिश सैन्याने घेतलेली ती रायफल. त्या साफ करतानाचे व्हिडिओ मी रात्री जेवल्यावर बघत बसायचो, मालिका बघावी तसे.

हे सगळं मी मला बंदूक विकणाऱ्या माणसाला स्वतःच सांगितलं. तो जुन्या वस्तूंचा धंदा करतो म्हणून एका परिचिताने फोन जोडून दिला होता. पहिल्या दिवशी त्याच्याकडे "एक जुनी विलायती बंदूक" होती. मी नेपाळचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचं नाव मार्टिनी झालं आणि ती नेपाळहून एका संस्थानिकाच्या शिकारखान्यात आलेली निघाली. मी परवान्याचा विषय काढला. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे कागद तयार! आता आठवलं की अंगावर काटा येतो. मी विचारायचो आणि माझ्याच प्रश्नातून तो उत्तर उचलायचा.

त्या कागदावर शस्त्र अधिनियम 1959, कलम 45 (सी) लिहिलं होतं. कलम खरं आहे, म्हणूनच मी फसलो. जुन्या पद्धतीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार कायद्यातून वगळलंय, हे मी वाचलं. त्याच वाक्याचं शेपूट वाचलं नाही: ते दुरुस्ती करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. म्हणजे लोहाराकडे नेऊन चालू होऊ शकणारी खरी मार्टिनी दीडशे वर्षांची असली तरी परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही. आणि अमुक बंदूक सुटीत बसते असं विकणाऱ्याने लिहून दिल्याला काडीची किंमत नाही. विचारायचं तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत. आमच्या वडिलांची ठासणीची बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर होती. डुकरं आणि माकडं हाकायला वापरायची ती, तरी निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला मीच सायकलवरून जायचो. एवढं बघितलेल्या माणसाला हे सुचू नये!

कागदावर गोल शिक्का होता, त्यात "पुरातत्व विभाग". एक त कमी. माझ्या लक्षात आलं होतं. पण सरकारी शिक्क्यात शुद्धलेखन कधी बरोबर असतं, असं म्हणून मीच त्याला पास केलं. खरं तर शंभर वर्षांवरच्या पुराणवस्तूंचा धंदा करणाऱ्याला 1972 च्या कायद्याप्रमाणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. तो मागितला असता तर गोष्ट तिथेच संपली असती.

सौदा 1 लाख 10 हजारांवरून 85 हजारांवर आला. 25 हजार आगाऊ, बाकीचे हातात माल आल्यावर, दोन्ही मोबाइलवरून. कुडाळच्या अलीकडे हायवेवर एका टपरीमागे गाडी आली. पाऊस मरणाचा. चटईत गुंडाळलेली बंदूक त्यांनी माझ्या डिकीत सरकवली. "सर, इथे उघडू नका, लोक बघतात." मी उघडली नाही. मला तर तेव्हा तो माणूस जबाबदार वाटला.

घरी आणून दार लावून उघडली. जड होती, लिव्हर हलत होती, उजव्या अंगाला मुकुट, त्याखाली व्ही. आर., एनफील्ड हे ब्रिटिश कारखान्याचं नाव आणि साल. दहा मिनिटं नुसता बघत बसलो. अगदी खरं सांगतो, त्या दहा मिनिटांत मी फार सुखी होतो.

पाचव्या दिवशी फोन. "क्राइम ब्रँचमधून बोलतोय. तुमच्याकडे विनापरवाना हत्यार आहे, विकणारा पकडला गेलाय, त्याने तुमचं नाव घेतलंय." गाडीचा नंबर, चटईचा रंग, सगळं त्याला ठाऊक. शिक्षकी पेशा, पेन्शन, गावात अब्रू, हे सगळं त्यानेच मला ऐकवलं. साठ हजार मागितले, चाळीस दिले. घरात सांगितलं नाही. मला वाटतं त्यांचा खरा धंदा हाच, बंदूक हे आमिष. भानामतीची बाहुली अंगणात पुरून ठेवावी तशी ती वस्तू तुमच्या घरात ठेवून जातात आणि मग तुमचं तोंड आपोआप बंद होतं.

तोंड उघडलं ते आमच्या सुतारामुळे. गणपतीचं मखर दुरुस्त करायला आला होता, माळ्यावर चटई दिसली. मी म्हटलं, अक्रोडाचं लाकूड बघ कसं असतं. त्याने दस्त्याच्या टोकाला पटाशीने जरासं खरवडलं, हुंगलं, आणि माझ्याकडे बघून हसला.

"सर, ह्या अक्रोड-बिक्रोड काय नाय. आंबो आसा. पॉलिश मारून काळो केल्यानी."

मग त्यानेच नळीत बॅटरी मारली. आत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ. पत्रा वळवून जोडलेल्या पाइपाची ती शिवण. मार्टिनी-हेन्रीच्या नळीत पीळ घातलेल्या सात खाचा असतात, इथे एक नाही. गंजसुद्धा खोटा. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने लोखंडाला पापुद्रे सुटतात, खिडकीचा गज बघा. हा गंज सगळीकडे सारखा, भगवा, बोटाला लागणारा. ॲसिडचा.

आणि मग ते साल. 1907. व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना, राणी व्हिक्टोरिया. व्हिक्टोरिया वारली जानेवारी 1901 मध्ये. मेलेल्या राणीचं नाव सहा वर्षांनी बंदुकीवर कोण ठोकेल? सरहद्दीकडच्या खैबर खिंडीत हाताने बनवलेल्या नकली एनफील्डवर हीच चूक असते, कधी इंग्रजी एन उलटा असतो, हेसुद्धा मी वाचलेलं होतं. 1858 चा राणीचा जाहीरनामा मी 27 वर्षं मुलांकडून घोकून घेतला. सनावळी चुकली तर अर्धा मार्क कापायचो.

त्याच दुपारी 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. पण पैसे जाऊन तेवीस दिवस झाले होते. पहिल्या तासात केला असता तर बरंच अडवता आलं असतं, असं तिकडून सांगितलं. एका खात्यात साडेअकरा हजार सापडले, ते गोठवलेत, हातात अजून काही नाही. वकिलाला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. जाताना पाय लटपटत होते, कारण हत्यार बाळगल्याबद्दल मलाच आत टाकतील ही भीती डोक्यातून जात नव्हती. तसं काही झालं नाही. पूर्वीचं 420, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318, त्याखाली तक्रार घेतली. निवृत्तीला आलेल्या हवालदारांनी चष्मा लावून नळीत बघितलं, बाजूच्याला बघायला दिलं, आणि पंचनाम्यात लिहिलं: "बंदुकीसारखी दिसणारी लोखंडी व लाकडी वस्तू, नग एक, अंदाजे किंमत रुपये 800."

खाली मी सही केली.