सिंडोपा चालू असताना कोणती प्रोटीन पावडर? सात-आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मला पार्किन्सन्स आहे, सहावं वर्ष चालू आहे, वय 58, राहायला अमळनेरला, आणि गोळी लेव्होडोपा-कार्बिडोपाची म्हणजे आपण सगळे जिला सिंडोपाच म्हणतो ती, दिवसातून 4 वेळा. हे आधी सांगायचं कारण की पावडरींचे रिव्ह्यू बघायला गेलं तर सगळे जिमला जाणाऱ्या पोरांचे असतात, मसल किती वाढले, चॉकलेट फ्लेवर चांगला की व्हॅनिला. आपला प्रश्न तो नाहीच ना. आपला प्रश्न हा की पावडर पोटात गेल्यावर गोळी लागू पडते की नाही, आणि यावर मराठीत कुणी धड लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे.

पावडर लागलीच का तर वजन. 56 किलोवरून 49 वर आलं, ब्लाउज सगळे सैल झाले, मांड्या गेल्या. या आजारात हे होतंच बऱ्याच जणांचं, हातपाय सतत हलत राहिले की तेवढी ताकद खर्च होते, वास येत नाही म्हणून जेवणावरची वासना उडते, आणि जेवायला इतका वेळ लागतो की अर्ध्यातच कंटाळा येतो. जळगावच्या आमच्या न्यूरो डॉक्टरांनी सांगितलं की पायातली ताकद गेली तर पडणं वाढेल, प्रोटीन वाढवा. साध्या माणसाला आयसीएमआरच्या हिशोबाने किलोमागे 0.83 ग्रॅम पुरतं, पण वय झालेल्या आणि आजारी माणसाला 1 ते 1.2 ग्रॅम धरतात, म्हणजे मला रोज 50 ते 60. आधी क्रिएटिनिन तपासून घेतलं त्यांनी, किडनी बरी आहे बघितलं आणि मगच हो म्हणाले. हे कुणी टाळू नका, विशेषतः शुगर-बीपीवाल्यांनी.

आता मुख्य भानगड. लेव्होडोपा हे स्वतःच एक अमिनो अ‍ॅसिड आहे. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला त्याला जे दार लागतं तेच दार प्रोटीन पचून सुटणाऱ्या ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फिनाइलअलानिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन या सगळ्यांना लागतं. यात्रेच्या दिवसात अमळनेर स्टँडवर एसटी लागली की एका दरवाज्याला सगळे भिडतात आणि म्हातारं माणूस खालीच राहतं, तसं गोळीचं होतं. आणि हे नुसतं पोटातलं भांडण नाही बरं का. 1984 साली अमेरिकेत डॉक्टरांनी लेव्होडोपा सरळ शिरेतून देऊन बघितलं होतं, पोटाचा संबंधच ठेवला नाही, तरीही भरपूर प्रोटीनचं जेवण दिल्यावर पेशंट परत आखडले. म्हणजे मेंदूच्या दारातपण तीच गर्दी. म्हणून 'गोळीनंतर अर्धा तास थांबा' एवढ्यावर सगळं सुटत नाही, दिवसभरात प्रोटीन कधी किती जातं तेपण बघावं लागतं.

डॉक्टरांनी हे आधी समजावून दिलं होतं त्यामुळे मी एका वहीत रोज लिहीत गेले, गोळी किती वाजता, काय खाल्लं, ऑन कधी झाले (म्हणजे गोळी लागू पडून अंग मोकळं झालं), ऑफ कधी झाले (म्हणजे असर उतरून परत आखडले). तीन प्रकारच्या पावडरी वापरल्या, प्रत्येक काही आठवडे तरी. कंपन्यांची नावं देत नाही, कारण फरक कंपनीपेक्षा प्रकारात आहे.

पहिली व्हे आयसोलेट, म्हणजे दुधाच्या निवळीतलं वेगळं काढलेलं प्रोटीन, मुलाने पुण्याहून पाठवली. पावडर म्हणून एक नंबर, 100 ग्रॅममध्ये जवळपास 90 ग्रॅम प्रोटीन, लॅक्टोज जवळपास नाही त्यामुळे पोट फुगलं नाही, पाण्यात लगेच विरघळते. पण व्हे पचतं फार पटकन आणि ल्युसिन त्यात सगळ्यात जास्त, म्हणजे रक्तात एकदम लोंढा येतो. सकाळी 10 ला घेतली तर 11 ची गोळी जवळजवळ फुकट, वहीत सरळ दिसतं, एरवी 40-45 मिनिटांत पाय मोकळे होतात ते त्या दिवसांत दीड-दोन तास होत नव्हते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाय चिकटून उभी राहायचे. संध्याकाळी घेतली तेव्हा एवढा त्रास नाही झाला. ज्यांना गोळी अजून दिवसभर सपाट चालते, ऑन-ऑफ नाही, त्यांना कदाचित काहीच जाणवणार नाही, सुरुवातीच्या वर्षांत मलापण दूध-डाळीने काही व्हायचं नाही. हे ज्याचं त्यानेच बघायचं.

दुसरी मेडिकलमधला तो नेहमीचा डबा, आजारपणात सगळ्यांना आणतात तो प्रकार. माझ्यासाठी सगळ्यात बिनकामाची, स्पष्ट सांगते. डब्यामागे वाचा, 100 ग्रॅममध्ये 30-35 ग्रॅमच प्रोटीन, काहींत त्याच्याही निम्मं, उरलेलं साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन. एका बाबतीत मात्र खरंच सावध राहा, यात लोह घातलेलं असतं. लोह लेव्होडोपाला चिकटतं आणि गोळीचा शोषला जाणारा भाग कमी होतो, त्यामुळे गोळी आणि लोह यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवायला सांगतात. ज्या बायकांना हिमोग्लोबिनसाठी वेगळी गोळी चालू आहे त्यांनीपण हे डॉक्टरांना विचारून घ्या. वजन नुसतं वाढवायचं असेल तर तो डबा ठीक आहे, कॅलरी मिळतात, पण त्यापेक्षा आपली रावेर-यावलची केळी काय वाईट आहेत, त्यात प्रोटीन नगण्य म्हणून दिवसा केव्हाही चालतात, मी सकाळी तीच खाते.

तिसरी वाटाण्याची, म्हणजे पी प्रोटीन आयसोलेट, बिनाफ्लेवरची, आणि हीच मी आजतागायत चालू ठेवली आहे. किलोला दीड हजाराच्या आसपास पडते मला, व्हेच्या निम्म्याने. 100 ग्रॅमला 80 ग्रॅम प्रोटीन. एक गैरसमज फार आहे की वनस्पतीचं प्रोटीन गोळीला आडवं येत नाही. येतं. अमिनो अ‍ॅसिड तीच आहेत, दिवसा 11 च्या गोळीजवळ घेऊन बघितली तर हीपण आडवी आली, व्हेपेक्षा जरा कमी. मग हीच का, तर ही जेवणात घालता येते. व्हे म्हणजे शेक करून प्यायचा, आणि हे सगळं पातळ प्यायला गेलं की मला ठसका लागतो, गिळण्याचा थोडा त्रास सुरू झाला आहे. वाटाण्याची पावडर चवीला कच्च्या डाळीच्या पिठासारखी, दुधात घातली तर तोंडात घेववत नाही, खडबडीत लागते, खाली गाळ बसतो. पण पिठल्यात घातली की कळतसुद्धा नाही! बेसन कालवतानाच एक मोठा चमचा त्यात, लसूण-मिरचीचा ठेचा, बस. घोटलेल्या वरणात चालते, पातोड्यांच्या रश्श्यात तर रस्सा उलट दाट होतो आणि दाट झाला की मला गिळायला सोपा जातो. शेवभाजीच्या रश्श्यात घालू नका, गाठी होतात. सासूबाई पहिल्या दिवशी वाकून बघत होत्या, 'हाई काय टाकी ऱ्हायनी व माय तू?' आता त्याच आठवण करतात, पावडर टाकली का म्हणून.

माझं आत्ताचं वेळापत्रक असं. गोळी 7, 11, 3 आणि 7. सकाळी गोळीनंतर पाऊण तासाने पोहे नाहीतर केळी, चहा अगदी थोड्या दुधाचा. दुपारी भाकरी आणि भाजी, भरीत असेल तर दाणे कमी घालून. कळण्याची भाकरी मला जीव की प्राण पण तिच्यात उडीद असतो म्हणून ती संध्याकाळी गेली. डाळ, दही, पनीर, अंडी हे सगळं 8 च्या जेवणात, आणि त्यातच पावडर. दिवसभराचं प्रोटीन असं रात्रीवर ढकलायची पद्धत 1980 च्या दशकापासून वापरतात, माझं काही नवीन नाही. याने दुपारचे माझे ऑनचे तास खरंच वाढले, 3 च्या गोळीनंतर मी आता बाजारात जाऊन येते, पूर्वी जाणं बंदच झालं होतं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. दिवसा गोळी जास्त लागू पडायला लागली की अंग वळवळणं, डिस्कायनेशिया, वाढू शकतं, माझं मान आणि खांदा हलायला लागले होते, तेव्हा डॉक्टरांनी 11 चा डोस कमी केला. आपल्या मनाने करू नका हे. दुसरं म्हणजे रात्र. सुरुवातीला पूर्ण 30 ग्रॅमचा स्कूप रात्री घालत होते, डाळ-अंडी वरून वेगळी, तर पहाटेपर्यंत कूस बदलणं कठीण व्हायला लागलं, ह्यांना उठवावं लागायचं. स्कूप अर्धा केला, म्हणजे 15 ग्रॅम पावडर, 12 ग्रॅम प्रोटीन, तर रात्र सुधारली. जेवणातलं धरून 55 च्या आसपास पोहोचते, पुरे आहे. वजन आता 51 आणि काही.

घेताना काय बघायचं ते सांगते. मागचा तक्ता 100 ग्रॅमचा वाचायचा, स्कूपचा नाही, स्कूप प्रत्येकाचा वेगळा. सोडियम बघा, वाटाण्याच्या पावडरीत बरंच असतं, माझं बीपी उभं राहिल्यावर खाली जातं म्हणून मला चाललं, हाय बीपीवाल्यांना नाही चालायचं. एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर, बॅच आणि जड धातूंच्या तपासणीचा रिपोर्ट मागितला तर देतात का ते. घटकांची यादी जितकी छोटी तितकी चांगली, माझ्या पाकिटावर एकच घटक आहे. आणि 'आयुर्वेदिक शक्तिवर्धक' प्रोटीन असेल तर कवचबीज आहे का ते शोधाच, म्हणजे आपली खाजकुयली. तिच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतं, खरोखरचं, म्हणजे सिंडोपाच्या वर अजून किती डोस पोटात गेला त्याचा कुणालाच पत्ता नाही. एका ओळखीच्या काकांना असंच चूर्ण चालू होतं, अंग इतकं वळवळायचं की खुर्चीत बसवत नव्हतं, डॉक्टरांनी बंद करायला लावल्यावर बसलं.

क्रिएटिन (जिमवाले ताकदीसाठी घेतात ते, वरचं किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन नव्हे) घातलेली पावडर मुलाने सुचवली होती, मेंदूला चांगली म्हणून. त्यावर अमेरिकेत मोठा अभ्यास झालेला आहे, पार्किन्सन्सचे 1741 पेशंट, रोज 10 ग्रॅम, आणि 2013 मध्ये तो मधेच थांबवला कारण आजार मंदावण्यात काही फरकच दिसेना. त्यामुळे त्यासाठी जास्तीचे पैसे मी देणार नाही.

बारीकसारीक त्रास. झिपचं पाकीट थरथरत्या हाताने उघडत नाही, निम्मी पावडर ओट्यावर, म्हणून आल्या आल्या ती रुंद तोंडाच्या स्टीलच्या डब्यात भरून ठेवतो, वरचं झाकण सैल बसणारं. मे महिन्यात आपल्याकडे 44-45 डिग्री जातं, व्हेची पावडर त्या उन्हात गोळे धरायला लागली होती आणि खराब झाली का ते मला वासावरून कळतच नाही, सुनेला हुंगायला सांगावं लागायचं. वाटाण्याची टिकली. बद्धकोष्ठता पावडरीने कमी नाही होत, तिच्यात फायबर नसतंच, उलट पाणी कमी पडलं तर वाढते. सुरुवातीचा आठवडा गॅसेस झाले, मग गेले. लग्नाच्या पंगतीत दुपारी वरण-बट्टी असली तर त्या दिवशी रात्री पावडर घालत नाही आणि 3 ची गोळी उशिरा लागेल हे धरूनच चालते, बट्टी तुपातली, तुपाने पोट अजून हळू रिकामं होतं.

मोटर न्यूरॉन (स्नायू हलवणाऱ्या नसांचा आजार) किंवा अल्झायमर असलेल्यांच्या घरच्यांनी मात्र हे वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. ज्यांना लेव्होडोपा चालू नाही त्यांना दिवसा प्रोटीन टाळायचं काही कारण नाही, त्यांनी दर जेवणात वाटून घ्यावं, आणि मोटर न्यूरॉनमध्ये तर वजन टिकवणं सगळ्यात आधी, तिथे कॅलरीपण भरपूर लागतात. त्यांच्या गिळण्याचं आधी स्पीच थेरपिस्टला दाखवा, कुठलं किती दाट चालेल ते तेच सांगतात.

दिवाळीनंतर नाशिकला आहारतज्ज्ञांना दाखवायचं आहे, 15 ग्रॅमचे 20 करता येतील का ते विचारणार आहे. तोपर्यंत वाटाण्याचीच, तीच बिनाफ्लेवरची, दुसरं पाकीट परवा आलं.