साडेदहा कॉम्प्रेशनवर टर्बो : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०.५:१. पिस्टन, रॉड, हेड गॅस्केट सगळं मूळचं. वर छोटा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), पुढे ती हवा थंड करणारा इंटरकूलर, बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब ०.४ बार. एवढ्यावर थांबलं तर गाडी रोज वापरता येते. कॉम्प्रेशन मूळचंच असल्याने टर्बो जागा व्हायच्या आधीही ती मेलेली वाटत नाही, नाशिकच्या सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या गर्दीत ते जाणवतं. ०.७ बारची हाव धरली तर नॉकिंग होऊन (मिश्रण अवेळी, स्फोटासारखं पेटून) पिस्टनच्या रिंग लँड, म्हणजे रिंगांमधल्या कडा, तुटतात.

जाड गॅस्केट टाकून कॉम्प्रेशन उतरवायचा सल्ला सर्रास मिळतो. घेऊ नये. पिस्टन आणि हेडमधली फट वाढते, मिश्रण नीट घुसळत नाही आणि नॉक उलट वाढू शकतो. त्यापेक्षा इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, बूस्टच्या दर पीएसआयमागे (एक बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय) साधारण एक डिग्री मागे घ्यावं, बूस्टमध्ये लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त) ०.८० च्या आसपास ठेवावा. प्लग एक नंबर थंड, गॅप ०.७ मिमी, मोठ्या गॅपमध्ये बूस्ट आला की ठिणगी विझते. इंजिनात जाणाऱ्या हवेचा एकूण दाब मोजणारा मूळ मॅप सेन्सर एक बारच्या जरा वर जाऊन संपतो, म्हणून अडीच बारचा हवाच. इंजेक्टरही मोठे. पिगीबॅकवर (मूळ ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, सिग्नलमध्ये फेरफार करणाऱ्या जोडडब्यावर) पैसे घालवू नयेत, मूळ ईसीयू फ्युएल ट्रिमने, म्हणजे इंधनाच्या आपोआप दुरुस्तीने, त्याचं काम हळूहळू पुसून टाकतो.

नाशिककरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटरवर, इथे हवेचा दाब ०.९४-०.९५ बार. बूस्टला मर्यादा घालणाऱ्या वेस्टगेट झडपेची स्प्रिंग बाहेरच्या दाबाच्या वर ०.४ देते, म्हणजे इथे एकूण १.३५, कसारा उतरून मुंबईला गेलं की तीच स्प्रिंग १.४१ करते. ईसीयूच्या मॅपमधल्या (दाबानुसार इंधन आणि इग्निशनच्या तक्त्यातल्या) त्या ओळी नाशिकात कधी उघडतच नाहीत. ट्यूनरकडून १.५ बारपर्यंत भरून घ्याव्यात, वरच्या ओळींत इग्निशन आणखी मागे. जुना ई१० (१० टक्के इथेनॉलच्या पेट्रोल) चा मॅप असेल तर ई२० वर तो लीन पडतो, म्हणजे इंधन कमी पडतं, तोही नव्याने करावा.

सगळ्यात कठीण परीक्षा एप्रिलमधला कसारा चढ. ट्रेलरमागे वेग नाही, इंटरकूलरला वारा नाही. तिथे तिसऱ्यात पाय दाबायचा नाही, दुसरा टाकायचा.

मॅनिफोल्ड सातपूर-अंबडच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडून छान होतं, टिग वेल्डिंग तिथे उत्तम मिळतं. फ्लँज, म्हणजे इंजिनाला बोल्टने बसणारी पट्टी, मात्र १० मिमीचा सांगावा. पातळ फ्लँज वाकतो आणि एक्झॉस्ट गळू लागतो. टर्बोच्या वजनाला ब्रॅकेट नसेल तर जोडावर तडा ठरलेला. ऑइल परतीचा पाइप १६ मिमीच्या आत नको, सरळ खाली उतरता आणि सम्पला (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला) तेलाच्या पातळीच्या वर जोडलेला. त्यात पाणी तुंबल्यासारखं तेल साचलं की निळा धूर निघतो आणि लोक बिचाऱ्या टर्बोला दोष देतात. पीसीव्हीला (क्रँककेसमधले वायू परत इंजिनात नेणाऱ्या नळीला) एकाच दिशेने जाऊ देणारा चेक व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर बूस्ट क्रँककेसमध्ये शिरतो.

तेल ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक, ५००० किलोमीटरला बदल. मूळ क्लच वरच्या गिअरमध्ये घसरू लागतो, त्याचा खर्च आधीच धरावा. इंटरकूलर एसीच्या कंडेन्सरपुढे येतो, त्यामुळे उभ्या ट्रॅफिकमध्ये एसी मंदावतो.

पीयूसी मिळाली म्हणजे गाडी कायदेशीर झाली असं नव्हे. वाहनातल्या फेरफारांवर बंधन घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये हा बदल अडकतो आणि अपघातानंतर विमा कंपनी बॉनेट उघडूनच बोलते.