भारतीय पासपोर्टवर लंडनमध्ये मतदान: नोंदणीपासून मतपेटीपर्यंत

मी मूळची मिरजेची, लंडनच्या वायव्य भागातल्या एका रुग्णालयात नर्स आहे. पासपोर्ट भारताचा, व्हिसा आरोग्यसेवेतल्या नोकरीचा. ४ जुलै २०२४ ला ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मी मत दिलं आणि तेव्हापासून भेटेल त्या मराठी माणसाला हे सांगते आहे. बहुतेकांची समजूत अशी, की त्यासाठी आधी इथलं नागरिकत्व घ्यावं लागतं. नाही लागत. तुम्ही इथे कायदेशीर व्हिसावर राहताय, वय १८ पूर्ण आहे आणि तुमचा देश भारतासारखा राष्ट्रकुलात (कॉमनवेल्थमध्ये) आहे, एवढं पुरतं. विद्यार्थी असा, नोकरीवाले असा की जोडीदाराच्या व्हिसावर आलेले असा.

नोंदणीची सोय उत्तम आहे. सरकारी संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख, पत्ता, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (इथल्या कर-विम्याचा क्रमांक) भरायचा. कपातला चहा निवायच्या आत काम होतं, पैसे पडत नाहीत. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात भारतीय असं निर्धास्त लिहा. त्याने व्हिसाला काही होत नाही आणि भारताचं नागरिकत्वही जात नाही. एक प्रश्न मात्र नीट वाचा: नाव खुल्या यादीत ठेवायचं का? ती यादी कोणालाही विकत घेता येते. तिथे नकार द्या, मतदानाच्या हक्काला धक्का लागत नाही. मतदारयादीत नाव असण्याचा आणखी एक उपयोग आहे. कर्ज किंवा मोबाईलचं कंत्राट घेताना तुमची पत तपासणाऱ्या कंपन्या ही यादी बघतात. नव्याने आलेल्या माणसाला तेवढाही आधार मोठा असतो.

२०२३ पासून इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं. चालणाऱ्या ओळखपत्रांच्या यादीत राष्ट्रकुलातल्या देशांचे पासपोर्ट आहेत, म्हणजे आपला निळा पासपोर्ट थेट चालतो. मुदत संपलेला असला तरी फोटोवरून तुम्ही ओळखू आलात की झालं. यादीतलं काहीच जवळ नसेल तर मतदार ओळखपत्र मोफत काढून मिळतं, फक्त त्याचा अर्ज आधी करायला हवा.

मतदानाची वेळ सकाळी ७ ते रात्री १०. ड्यूटीवाल्या माणसाला ही वेळ म्हणजे वरदान. रात्री १० वाजता तुम्ही रांगेत असलात तरी मत देऊ देतात. माझं केंद्र चर्चच्या सभागृहात होतं. मी दिवसपाळी संपवून, पायातले बूटही न बदलता गेले. टेबलापाशी बसलेल्या बाईंनी पासपोर्ट पाहिला, यादीत माझ्या नावावर रेघ मारली आणि कागदाची मतपत्रिका हातात दिली. आडोशाला दोरीला बांधलेली पेन्सिल. उमेदवारासमोर फुली करायची, घडी घालून पेटीत टाकायची. मशीन नाही, बोटाला शाई नाही. शाईची चुटपुट मला लागली, खरं सांगते. आमच्याकडे मतदान करून आल्यावर आई दिवसभर ते बोट मिरवते.

आता मला ज्यासाठी लिहायचं होतं ते. आमच्या वॉर्डात एक पोर्तुगीज नर्स आहे, माझ्या कितीतरी आधी इथे आलेली. तिला महापालिकेच्या निवडणुकीत मत आहे, संसदेच्या नाही, कारण पोर्तुगाल राष्ट्रकुलात नाही. आमचाच एक सहकारी मोझांबिकचा आहे. त्याचा देश कधीच ब्रिटनची वसाहत नव्हता, पोर्तुगालची होती. पण मोझांबिक १९९५ मध्ये राष्ट्रकुलात आला, त्यामुळे त्याला संसदेसाठीही मत आहे. रवांडा २००९ मध्ये आला, टोगो आणि गॅबन २०२२ मध्ये. त्यांच्या नागरिकांनाही हाच नियम. युरोपीय संघातल्या देशांपैकी आयर्लंड, सायप्रस आणि माल्टाच्या लोकांना संसदेचं मत मिळतं. त्यातले सायप्रस आणि माल्टा राष्ट्रकुलामुळे, आयर्लंडची गोष्ट वेगळी.

राष्ट्रकुल म्हटलं की आपल्याला खेळांच्या स्पर्धा आठवतात, नाहीतर राष्ट्रप्रमुखांचा गटफोटो. ५६ देशांची ही संघटना. तिचं सचिवालय १९६५ पासून लंडनच्या मार्लबरो हाऊसमध्ये आहे. तिच्याकडे सैन्य नाही आणि तिच्या ठरावांनी कुणी बांधला जात नाही. मग तिचा आज उपयोग काय, असं लोक विचारतात. मी त्यांना माझ्या मतपत्रिकेची गोष्ट सांगते. अर्थात हा हक्क सचिवालयाने दिलेला नाही, तो ब्रिटनच्या कायद्यात आहे. साम्राज्यातल्या प्रजाजनाला इथे आल्यावर, इथल्यांसारख्याच अटींवर, मत देता येई, निवडणूक लढवता येई. त्याच जोरावर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये फिन्सबरी सेंट्रलमधून, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी, खासदार झाले आणि त्या सभागृहात हिंदुस्थानच्या लुटीचा हिशेब मांडत राहिले. पुढे भारत प्रजासत्ताक होणार म्हटल्यावर नातं तुटायची वेळ आली होती. १९४९ च्या लंडन जाहीरनाम्यात तोड निघाली: भारत राजाला आपला राजा मानणार नाही, फक्त राष्ट्रकुलाचा प्रमुख मानेल आणि सदस्य राहील. नेहरूंच्या त्या निर्णयावर देशात टीका झाली. वॉर्डात माझ्याबरोबर घाना, जमैका, केरळ आणि नायजेरियाच्या बायका रात्रपाळ्या करतात. त्या सगळ्या इथे मतदार आहेत, हे मला त्या निर्णयाचं आजचं फळ वाटतं.

हा हक्क काढून घ्यावा असं म्हणणारे इथे आहेत. भारत ब्रिटिश नागरिकांना असं मत देत नाही, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. जमैकासारखे काही देश राष्ट्रकुलातल्या रहिवाशांना देतात, आपण देत नाही. तरीही मला हा हक्क राहावा असं ठामपणे वाटतं. आमच्या पगारातून कर कापला जातो, व्हिसासोबत भरायच्या आरोग्य अधिभाराचा नियमही संसदच करते, रुग्णालयांना पैसा किती द्यायचा तेही तीच ठरवते. ज्यांच्या जिवावर वॉर्ड चालतात त्यांना यात काही म्हणता यायलाच हवं.

कमी कुठे पडतं? माहिती पोचण्यात. व्हिसा मिळाल्यावर बँक खातं, डॉक्टर, बसपास या सगळ्याबद्दल कुणी ना कुणी सांगतं, मतदानाबद्दल कुणी सांगत नाही. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेले तेव्हा जेवणाच्या रांगेत मी शेजारच्यांना विचारत होते. आयटीतली शिकलेली पोरं, पण नाव नोंदवलेलं क्वचितच कुणाचं. दरवर्षी जुलै ते नोव्हेंबरच्या दरम्यान महापालिकेकडून घरात कोण राहतं हे विचारणारं पत्र येतं. ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकून देऊ नका.

भारतात अनिवासी मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः गावी जावं लागतं. इथलं मत घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि जमत नसेल तर टपालाने देता येतं. नोंदणीची मुदत मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवस आधी संपते. भाड्याचं घर बदललंत तर नव्या पत्त्यावर पुन्हा नोंदणी करा, ती आपोआप होत नाही.