थंड बॉनेटवर विश्वास ठेवला: आरएक्स-8 पायी गेलेले 7,970 डॉलर

आकडे आधी सांगतो. गाडीचे 6,400. कॉइल, प्लग आणि वायरींचे 720. फ्युएल पंपाचे 465. दोनदा टो करून आणावी लागली, त्याचे 205. आणि ज्या तपासणीने खरं काय ते कळलं, तिचे 180. एकूण 7,970 डॉलर. गाडी दारात उभी आहे आणि तिचं इंजिन संपलेलं आहे. हे लिहायला सहा महिने लागले, कारण सांगायची लाज वाटत होती.

मी गाड्यांमधला अडाणी नाही. ब्रेक पॅड, ऑइल, बेल्ट सगळं स्वतः बदलतो. जुनी गाडी बघायला गेलं की आधी बॉनेटला हात लावायचा आणि ते गरम लागलं तर परत फिरायचं, कारण गार असताना सुरू व्हायचा त्रास लपवायला ती आधीच तापवलेली असते, हे मला पाठ होतं. या 2007 च्या माझदा आरएक्स-8 चं बॉनेट गार होतं. विकणारा म्हणाला, "सकाळपासून हात लावलेला नाही, तुम्हीच सुरू करा." मी चावी फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली. मी तिथेच निर्धास्त झालो.

या गाडीत असतं त्या रोटरी इंजिनाचं नेमकं उलट असतं, हे मला नंतर कळलं. या इंजिनात पिस्टन नाहीत. दोन तिकोनी रोटर आहेत आणि प्रत्येकाच्या तिन्ही टोकांना सील आहेत. सील झिजले की दाब निसटतो. इंजिन गार असताना तेल जाड असतं, ते फटी थोड्या बुजवतं आणि गाडी सुरू होते. तेच इंजिन तापल्यावर बंद केलं की सेल्फ मारत बसा, ते पकडत नाही. तासभर गार झालं की पुन्हा सुरू. म्हणजे ज्या गार बॉनेटला मी प्रामाणिकपणाचा पुरावा समजलो, तेच विकणाऱ्याला हवं होतं.

आता ती जागा, जिथे मला कळायलाच हवं होतं. वीस-पंचवीस मिनिटं चालवून आम्ही त्याच्या घरापाशी आलो. तापमानाचा काटा कधीच मधोमध आला होता. ऑइलची काडी बघावी म्हणून मी चावीकडे हात नेला, तर शेजारच्या सीटवरून त्याने माझं मनगट धरलं. "नको नको, रोटरी अशी झटकन बंद केली की फ्लड होते." मी ऐकलं! फ्लड म्हणजे आत जास्तीचं पेट्रोल साचून गाडी पुन्हा सुरू न होणं. हे खरं आहे, पण गार इंजिन सुरू करून, चार फूट हलवून लगेच बंद केलं तर. पूर्ण तापलेल्या इंजिनाला तो नियम लागत नाही. अर्धं खरं वापरून त्याने मला थांबवलं आणि मला वाटलं, माणूस जाणकार आहे, गाडीला जपतोय. ते मनगटावरचं बोट मला अजून आठवतं.

स्टार्टरही त्याने नवीन टाकला होता, जास्त वेगाने फिरणारा. हे तो कौतुकाने सांगत होता. रोटरी सुरू व्हायला त्रास देते म्हणून असा स्टार्टर टाकतात आणि त्याने कमी दाब काही दिवस झाकला जातो. विकणारा आपणहून "नवा स्टार्टर, नवी बॅटरी" सांगायला लागला की का बदलले ते विचारा.

मेहुण्याने बजावलं होतं, आधी कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, तपासून घे. मी दुर्लक्ष केलं, कारण अजून दोन गिऱ्हाइकं संध्याकाळी येणार आहेत असं तो सांगत होता. तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं. शिवाय 2004 ते 2008 च्या आरएक्स-8 च्या इंजिनाची वॉरंटी माझदाने 8 वर्षं किंवा 1,00,000 मैलांपर्यंत वाढवली होती, ही खरी गोष्ट त्याला ठाऊक होती. तिच्यातच इंजिन बदललंय, असं त्याने ठोकून दिलं. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, घेऊन माझदाच्या डीलरला एक फोन केला असता तर खोटं उघडं पडलं असतं.

तिसऱ्या दिवशी पेट्रोल भरायला थांबलो आणि गाडी पंपावरच बसली. मग गॅरेजवाला. त्याने दाब न मोजताच आधी कॉइल-प्लग बदलले, मग फ्युएल पंप. जुन्या कॉइलमुळे त्रास होतो हे खरं, म्हणून मला पटलं. पण सुरू न होणाऱ्या रोटरीवर दाब मोजल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नका. साधं पिस्टनचं गेज चालत नाही, ते तिन्ही बाजूंतला सगळ्यात मोठा आकडाच दाखवतं. रोटरीचा टेस्टर प्रत्येक रोटरचे तीन वेगळे आकडे देतो. 250 आरपीएमला किमान 680 किलोपास्कल हवेत. माझे पुढच्या रोटरचे 540, 560, 510 आणि मागच्याचे 610, 600, 590. तयार इंजिन बसवायचे 6,800 सांगितले, गाडीच्या किमतीपेक्षा जास्त.

पोलिसांकडे गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद न बघताच सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयाने सांगितलं, आम्ही डीलरचं बघतो, खाजगी विक्रीचं नाही. अहो, पण तो खाजगी नव्हताच! टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, तिसऱ्याच माणसाचं नाव होतं, म्हणजे हा लायसन्स नसलेला दलाल, हे मी चार वेळा लिहून दिलं. त्यावर उत्तर आलं, वाहन विभागाकडे जा. तिथे अर्ज भरला, फोटो जोडले, मेसेज छापून दिले. अकरा आठवड्यांनी पत्र आलं: अर्ज पुन्हा भरा, सही चुकीच्या रकान्यात आहे. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात, दावा टाकायचा तर त्याचा पत्ता हवा आणि ते घर भाड्याचं होतं, तो केव्हाच निघून गेला. बिलावर "आहे तशी" लिहिलेलं मी वाचून सही केली होती, हे तर प्रत्येक टेबलावर मलाच ऐकवण्यात आलं. फसवणारा मोकळा आणि जाब मी द्यायचा!

टायटलवरचं नाव आणि समोरच्या माणसाचं ओळखपत्र जुळत नसेल तर तिथूनच उठा. पहिल्यांदा सुरू करताना निळसर धूर आला आणि "रोटरी तेल जाळतेच" असं उत्तर मिळालं, तर तेवढ्यावर गप्प बसू नका. रोटरी तेल जाळते हे खरं, पण आत थोडं तेल ओतूनही दाब तात्पुरता वाढवता येतो.

गेल्या आठवड्यात एक जाहिरात दिसली. काळी आरएक्स-8, "नवा स्टार्टर, गार इंजिन, या आणि सुरू करून बघा", वाक्यं तीच. वाहन विभागाला कळवलंय, अजून उत्तर नाही. ती गाडी बघायला कोणी जाणार असेल तर वीस मिनिटं पळवा, इंजिन बंद करा, चावी खिशात ठेवा आणि दहा मिनिटांनी त्याच्यासमोर सेल्फ मारा. त्याने हात धरला तरी.