तानपुरा डब्यात: एका वायरलेस हेडसेटची अकरा दिवसांची कथा

गाणं शिकवणाऱ्यांनी एवढं वाचलं तरी पुरे: हा हेडसेट ऐकायला छान आहे, त्याचा माइक गाण्याच्या कामाचा नाही. मला हे कळायला अकरा दिवस लागले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यातला निम्मा घोळ कुठल्याही ब्लूटूथ हेडसेटच्या डब्यातून निघेल.

मी मिरजेत गाण्याच्या शिकवण्या घेते, आठवड्याला नऊ ऑनलाइन. आधी वायरवाले इअरफोन वापरायचे. तानपुरा मांडीवर उभा धरला की खुंट्या बरोबर कानापाशी येतात आणि वायर त्यांत अडकते. एकदा पंचम लावताना वायरीसकट खुंटी पिळली आणि डावा इअरफोन गेला. म्हणून २,७९९ रुपयांचा हा वायरलेस मागवला.

फोनला लगेच जोडला गेला. लॅपटॉपला मात्र दिसेचना, कारण फोनने आधीच त्याचा ताबा घेतला होता. फोनचं ब्लूटूथ बंद करून हेडसेटचं बटण दिवा लाल-निळा लुकलुकेपर्यंत दाबून धरलं, मग दिसला. 'कनेक्टेड' असंही आलं, तरी आवाज लॅपटॉपच्याच स्पीकरमधून! खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक केलं तर यादीत माझा एकच हेडसेट दोन नावांनी: एकापुढे 'स्टिरिओ', दुसऱ्यापुढे 'हॅण्ड्स-फ्री'. माझ्याकडे विंडोज १० आहे. हॅण्ड्स-फ्री म्हणजे हात मोकळे, तानपुऱ्याला बरंच, असं म्हणून मी तेच निवडलं.

निवडायचं होतं स्टिरिओ. पण नुसतं ते करूनही भागलं नाही.

काळी चार या पट्टीतला तानपुरा लॅपटॉपवर सुरू केला. हेडसेटमध्ये काय घुमला म्हणून सांगू! मग क्लासला जॉइन झाले आणि कानात टक् असं वाजून तोच तानपुरा पत्र्याच्या डब्यात जाऊन बसला. क्लास सोडला की दोन सेकंदांत बाहेर. पुन्हा जॉइन, पुन्हा डब्यात. पलीकडून विद्यार्थिनी म्हणाली, "ताई, तुम्ही विहिरीतून बोलताय का?"

भाच्याला फोन लावला. तो पहिल्या वाक्याला म्हणाला, "मावशी, माइकपण हेडसेटचाच लावलायस ना?" लावला होता. पैसे कशाचे दिलेत मग?

त्याने जे समजावलं ते असं. ब्लूटूथवरून आवाज न्यायच्या दोन वाटा आहेत. नुसतं ऐकायचं तेव्हा एकेरी पण रुंद वाट, दोन्ही कानांना वेगळा आवाज आणि सेकंदाला साधारण ४४,१०० नमुने, म्हणजे आवाज तितक्या वेळा टिपला जातो. माइक सुरू झाला की आवाज जायलाही हवा आणि यायलाही, मग हेडसेट फोनवरच्या बोलण्यासाठी केलेल्या बोळात शिरतो. तिथे दोन्ही कानांना एकच आवाज, जुन्या पद्धतीत सेकंदाला ८,००० नमुने, सुधारलेल्या पद्धतीत १६,०००. त्यातून नमुन्यांच्या निम्म्याच कंपनसंख्येपर्यंतचा आवाज जातो, म्हणजे ४,००० नाहीतर ८,००० हर्ट्झच्या वरचं सगळं छाटलं. 'येताना कोथिंबीर आण' एवढ्यासाठी ते रग्गड आहे. पण घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा धागा केसभर मागे-पुढे सरकवत आमच्या सतारमेकर गल्लीतले कारागीर जी जवारी, म्हणजे तारेचा झणकार, लावतात, तिची सगळी मजा वरच्या स्वरांशांत, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच स्वरांत असते. तीच नेमकी बोळाच्या तोंडाशी अडकते. ब्लूटूथच्या नव्या एलई ऑडिओ पद्धतीत हे बरंच सुधारलंय, पण ते हेडसेट आणि लॅपटॉप दोघांनाही यावं लागतं. माझ्या २०१९च्या लॅपटॉपला येत नाही.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. कंट्रोल पॅनेलमध्ये 'डिव्हायसेस अँड प्रिंटर्स', तिथे हेडसेटवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'सर्व्हिसेस', आणि 'हॅण्ड्सफ्री टेलिफोनी'समोरची खूण काढून टाकायची. हेडसेटचा माइक यादीतूनच गेला, तानपुरा डब्यातून बाहेर आला. बोलण्यासाठी एक यूएसबी माइक घेतला आणि क्लासच्या ॲपमध्ये जाऊन माइक हा, स्पीकर तो, असं वेगवेगळं निवडलं. ॲपची सेटिंग वेगळी असते, हे विसरलात तर लॅपटॉपमध्ये कितीही खटपट करा.

दुसऱ्या दिवशी नवीनच. मी खरा तानपुरा घेऊन जवारी दाखवत होते, पलीकडे मान हलेना. "ताई, तुमचा हात हलतोय, पण काहीच ऐकू येत नाहीये." यात हेडसेट बिचारा निर्दोष. ॲपमध्ये गोंगाट कमी करायची सोय असते, ती सलग एकसुरी आवाजाला पंखा समजून पुसते. तानपुऱ्याइतकं सलग आणि एकसुरी दुसरं काय असणार! 'ओरिजिनल साउंड' नावाची सेटिंग सुरू केल्यावर तो पंख्यातून पुन्हा तानपुरा झाला.

मधेच खरखर यायची, तीही कधीकधीच. शेवटी लक्षात आलं, रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क लावली की येते. यूएसबी ३.०चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, हे इंटेलने २०१२ सालीच लिहून ठेवलंय, आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालतं. डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावली, खरखर गेली.

एक गोष्ट मात्र सुटली नाही, ती म्हणजे उशीर. ब्लूटूथवरून आवाज कानात पोचायला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. गाणी ऐकताना कळतही नाही. पण लॅपटॉपवर ठेका लावून मी हाताने ताल दिला, तर मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे ठेका पाव मात्रेहून जास्त मागे. २४०च्या द्रुत, म्हणजे जलद, सोळा मात्रांच्या तीनतालात तर निम्म्या मात्रेहून जास्त. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, मी येते आणि तबला तेव्हा अजून सोळाव्या मात्रेतच कुठेतरी असतो.

ग्राहक सेवेबद्दल थोडक्यात. चॅटवर तीन वेळा 'लॅपटॉप रीस्टार्ट करा' असं सांगितलं, चौथ्यांदा 'हे उत्पादन प्रामुख्याने मोबाइलसाठी आहे'. डब्यावर लॅपटॉपचं चित्र आहे, मी फोटोही पाठवला. त्यानंतर चॅट संपल्याचं कळवून मलाच पाचपैकी तारे मागितले.

बाकी वस्तू चांगली. हलकी आहे, अंबाड्यावर दाब येत नाही, एकदा चार्ज केली की माझा आठवडा निघतो. कानांवरचं रेक्झिन उन्हाळ्यात घामेजतं. ऐकायला साडेचार तारे, माइकला दीड, मदतीला एकही नाही.

रियाजाला आता हाच हेडसेट मी वायर लावून वापरते, उशीर शून्य. डब्यातली वायर तोकडी होती, स्टेशन रोडवरून तीन मीटरची आणली. खुंट्यांपासून लांब राहावी म्हणून ती पाठीमागून, पदराखालून घेते.