हप्त्याला पैसे कमी पडले तर: बाउन्स, ओडी की एफडी मोडायची?

हप्ता 5 तारखेला, पगार 7 तारखेला. माझ्या मेहुण्याच्या खात्यात त्या दिवशी 8,000 रुपये कमी होते. दोनच दिवसांचा तर प्रश्न, म्हणून तो गप्प राहिला. पासबुकात ओळ उमटली: रिटर्न चार्जेस 590. म्हणजे 500 रुपये आकार, वर 18 टक्के जीएसटी. कर्ज देणाऱ्या कंपनीने आपला दंड वेगळा लावला. आणि त्याच बँकेत त्याची लाखाची एफडी पडून होती! मला अजून हळहळ वाटते.

आपल्याकडे साधं सेव्हिंग खातं सहसा शून्याखाली जात नाही, हप्ता सरळ परत जातो. ओव्हरड्राफ्ट (ओडी), म्हणजे शिल्लक संपली तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे उचलण्याची सोय, हवा असेल तर तो आधी मंजूर करून घ्यावा लागतो. एफडीवर तो सर्वांत सहज मिळतो: रकमेच्या साधारण 90 टक्क्यांपर्यंत आणि बहुधा एफडीपेक्षा 1 टक्का जास्त दराने. व्याज लागतं ते उचललेल्या रकमेवर, तेवढ्याच दिवसांचं. एफडी 6.5 टक्क्यांची धरली, तर 8,000 रुपयांचं दोन दिवसांचं व्याज सव्वातीन रुपये. कुठे 590 आणि कुठे हे!

एफडी मोडण्याचा हिशेब वेगळा. वर्षाची लाखाची एफडी आठव्या महिन्यात मोडली, तर व्याज 8 महिन्यांच्या दराने मिळतं, त्यातूनही दंड कापला जातो. 6.5 ऐवजी हाती 5 टक्के पडले तर सुमारे 1,000 रुपये गेले. मुदत संपत आली असेल तर मोडू नकाच. पण जवळजवळ सगळी रक्कम दोन-तीन वर्षं परत भरता येणार नसेल, तर तो 1 टक्का दरवर्षी अंगावर येतो. तेव्हा मोडलेली बरी.

मिनिमम बॅलन्सची धास्ती मात्र दोन दिवसांसाठी घेऊ नका. बहुतेक ठिकाणी महिन्याची सरासरी पाहतात. दंड लावण्याआधी बँकेने कळवून महिनाभर मुदत द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 एप्रिल 2015 पासून आहे.

ओडीचा अर्ज आजच करून ठेवा, मर्यादा न वापरता पडून राहिली तर व्याज लागत नाही. प्रोसेसिंग फी आहे का, तेवढं आधी विचारा. एफडी जोडनावावर असेल तर दोघांच्या सह्या लागतील, आणि कर वाचवणाऱ्या पाच वर्षांच्या एफडीवर ओडी मिळत नाही.