कलम ३६ ची परवानगी : संस्थेची शेती भाड्याने देताना आलेला अनुभव

पाचपैकी चार तारे, आणि तेही मनापासून.

आमच्या शिक्षण संस्थेची काटोलकडे ओलिताची शेती आहे, दानात मिळालेली. अनुदानात न बसणारा शाळेचा खर्च तिच्यावरच निघतो : प्रयोगशाळेचं सामान, मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती. यंदा ती संत्र्याच्या बागेसाठी द्यायची ठरली. संत्र्याला धड बहर यायलाच काही वर्षं जातात, म्हणून घेणाऱ्याला लांब मुदतीचा करार हवा होता. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे शेतजमीन १० वर्षांहून जास्त, आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची (आमच्यासारख्या सार्वजनिक न्यासांवर, म्हणजे ट्रस्टवर, देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांची) पूर्वमंजुरी लागते. विक्री, अदलाबदल, बक्षीसपत्र यांनाही लागतेच.

अर्जातले प्रश्न मला फार मोलाचे वाटले. न्यासपत्रात जमिनीबद्दल काही अट आहे का? देण्याची गरज काय? यात न्यासाचं हित कसं? आणि आधीचे पट्टे कोणत्या अटींवर दिले होते? या शेवटच्या प्रश्नापायी जुने करार कपाटातून बाहेर निघाले. वर्षानुवर्षं एकाच घराला, त्याच दराने! सभेत कोणी हू की चू केलं नव्हतं. मग आम्ही वर्तमानपत्रात जाहिरात दिली, बंद लिफाफ्यात देकार मागवले, मूल्यांकनकाराचा अहवाल जोडला. आधी घरी येऊन बोलून गेलेल्या माणसाच्या आकड्यापेक्षा लिफाफ्यातला आकडा बराच वर निघाला. तो फरक मुलांचाच आहे.

वेळ लागतो, पण शाळेची जमीन एकदा गेली की परत येत नाही, तेव्हा लागू द्या.

एक तारा कायद्यातल्या फटीसाठी कापला. मुदतीच्या आतल्या पट्ट्यांना पूर्वमंजुरीच लागत नाही. रस्त्यालगतचे गाळे अकरा-अकरा महिन्यांच्या करारांनी नातलगांना स्वस्तात देत राहिलं, तर आधी कोण विचारणार? शाळेच्या जमिनीपुरता तरी लिलाव सक्तीचा हवा.

अर्ज करणाऱ्यांनी आधी परिशिष्ट एकचा उतारा (धर्मादाय कार्यालयातली न्यासाची, त्याच्या विश्वस्तांची आणि मालमत्तेची नोंद) आणि सातबारा ताडून पाहा. विश्वस्त बदलले असतील तर कलम २२ चा बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. तो राहिला असेल तर पहिले तो निकाली काढा.